विजयाचं उत्तर

नाताळाआधी चर्चच्या बाकांना पॉलिश लागलं, की त्या वासानं माझा जुना मत्सर ताजा होतो!

लहानपणी चर्चच्या रविवारच्या शब्बाथशाळेत पाळकसाहेबांनी विचारलं होतं, "पौल येशूबरोबर कधी हिंडला नाही. मग बायबलमधली त्याची पत्रं आपण का वाचतो?" उत्तर देणाऱ्याला नाताळचा शास्त्रपाठ वाचायला मिळणार होता. मी छाती फुगवून सगळ्या पत्रांची नावं घडाघडा म्हटली.

"विद्वान, बसा आपण," साहेब म्हणाले.

विश्रांतवाडीहून नवीनच आलेली विजया उठली. "येशूनं शेजाऱ्यावर प्रीती करा म्हटलं. शेजारी भांडकुदळ निघाला तर काय, ते पौलानं लिहिलं."

शास्त्रपाठ तिनं वाचला. मी पहिल्या बाकावर जळत बसलो.

आता शब्बाथशाळा मी घेतो. दरवर्षी मुलांना तेच उत्तर देतो, विजयाचं नाव न घेता.