भोक न पाडलेला ड्रम

बुलढाणा जिल्ह्यात समुद्र नाही, हे मला शाळेतच शिकवलं होतं. तरी माझ्या नेमणुकीच्या हुकुमावर जहाजाचं चित्र होतं. बंदरं आणि विमानाच्या धावपट्ट्या सांभाळणारं एक सरकारी मंडळ होतं, त्यात मला नोकरी लागली. आता मुंबईला जाऊन जहाजं पाहायची, म्हणून मी नवा सदरासुद्धा शिवून घेतला. आणि नेमणूक कुठं? मोताळ्याच्या पलीकडे, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, शेतांमधल्या एका मुरमाच्या पट्टीवर. जहाज राहिलं कागदावर. घ्या!

महाराष्ट्र होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. कपाशीवर विमानातून औषध फवारायची नवी टूम निघाली होती. भाद्रपदात एक पिवळं विमान यायचं, महिना-दीड महिना शेतांवर घिरट्या घालायचं आणि निघून जायचं. विमानाबरोबर मेकॅनिक, हमाल, पाण्याचा टँकर, सगळा लवाजमा असायचा. तो गेला की उरायचो मी, माझी टिनाची खोली आणि वारा दाखवणारी बांबूवरची कापडी पिशवी. माझं गाव लोणारकडचं, सुलतानपूरच्या अंगाला. इथं ओळखीचं कुणी नाही. दिवसच्या दिवस तोंड उघडायचं कारण पडायचं नाही. मला एकटं राहायची हौस कधीच नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. काही माणसं एकांताचं कौतुक सांगतात. त्यांना दहा महिने त्या पट्टीवर ठेवायला पाहिजे होतं.

आमचे साहेब वर्षातून एकदा यायचे. ते आधी एका बंदरावर होते. तिथं जहाजांचं तेलकट पाणी खाडीत सोडत गेले, आणि एका सकाळी सगळी मासळी पांढरी पोटं वर करून तरंगली, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. तेव्हापासून त्या माणसाला पाण्याचं वेडच लागलं होतं म्हणा ना. पहिल्याच भेटीत त्यांनी मला तीन गोष्टी बजावल्या. विमानाची टाकी धुतलेलं पाणी नाल्यात जाता कामा नये, त्यासाठी लांब उंचावर खड्डा खणायचा. पट्टीच्या दोन्ही बाजूंचं गवत आणि कडुनिंब तोडू द्यायचे नाहीत, नाहीतर मुरूम वाहून नाला बुजेल. आणि तिसरं म्हणजे औषधाचा प्रत्येक रिकामा ड्रम सब्बलीनं, म्हणजे लोखंडी पहारीनं, तीन ठिकाणी फोडायचा, मगच पट्टीबाहेर जाऊ द्यायचा. "लोक त्यात पाणी भरतील," साहेब म्हणाले. "भरणारच. चांगला ड्रम कोण सोडतो?"

मी हे तिन्ही मनापासून केलं. खड्डा खणला. निंबाला हात लावणाऱ्याशी भांडलो. आणि ड्रम फोडले. ते सगळ्यात अवघड होतं. तुम्ही आज हसाल, पण त्या काळी खेड्यात लोखंडी ड्रम म्हणजे काय चीज होती! पाणी साठवा, ज्वारी ठेवा, दहा वर्षं मरण नाही त्याला. निळाशार, घट्ट झाकणाचा, असा नवाकोरा ड्रम माझ्यासारखा टिनपाट माणूस सब्बल मारून फोडतो, हे पाहून लोकांचा जीव तुटायचा. माणसं मागायला येत, गोड बोलत, मग शिव्या देत. गावानं मला नाव ठेवलं भोकपाड्या. बाजारात गेलो की मागून आवाज यायचा, "काय बे भोकपाड्या, आज कोनाचं नुकसान करून राह्यला?" मी पण कमी नव्हतो. "तुह्या डोक्यात पाडतो, ये," म्हणायचो. ते हसायचे आणि त्यांच्या वाटेनं जायचे. पाच मिनिटं बस, चहा घे, असं मात्र कुणी म्हटलं नाही.

त्याला दुसरंही कारण होतं. आम्ही बौद्ध झालो होतो, पण गावाला आमची जुनी जातच पाठ होती. गावच्या विहिरीवर मला पाणी नव्हतं. कुणी तसं तोंडावर म्हणत नसे, सरकारी माणूस ना मी! पण मी घडा घेऊन गेलो तेव्हा बाया आपली भांडी उचलून बाजूला झाल्या, आणि कितीही वेळ उभा राहिलो तरी पुढं कुणी आलं नाही. एकदा गेलो, पुन्हा गेलो नाही.

पट्टीच्या टोकाला, नाल्यापलीकडे एका कुणबी विधवेचं शेत होतं. पन्नाशीची बाई, एकुलती एक पोरगी, आणि नाल्याच्या काठालाच विहीर. तिनं मला दोन दिवस लांबून घडा वाहताना पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी हाक मारली. "कुठून आनून राह्यला रे पानी, बाबू? इथं काय इहीर आटली का माही?" ती पोहरा ओढायची, वरून माझ्या घड्यात ओतायची, आणि ओततानाच बोलत राहायची. पोरीचं, बैलाचं, नवरा कसा गेला त्याचं. पुढं एक दिवस तिची कंबर धरली होती. ती काठावर बसली आणि दोर माझ्या हातात दिला. "ओढ तूच. माह्यानं होत नाई." बस, एवढंच. त्या दिवसापासून मीच ओढायचो, आणि तिच्यासाठीही भरून ठेवायचो. मी तिला माय म्हणू लागलो. खरं सांगतो, घडा भरलेला असला तरी मी अर्धा ओतून द्यायचो आणि पुन्हा पाण्याला जायचो. त्या मुलखात माझ्याशी बोलणारं तेवढं एकच माणूस होतं.

दुसऱ्या वर्षी पोरीचं लग्न ठरलं. तुळशीचं लग्न झालं की लगेच, दुपारचा मुहूर्त. आणि माय म्हणाली, "बाबू, एक ड्रम दे. पावन्याले पानी ठेवाले."

मी म्हणालो, "माय, त्याच्यात जहर होतं."

"धुऊन घेतो नं मी."

"धुऊन जात नाही ते."

ती हसली. आठ दिवसांनी पुन्हा मागितलं, मी पुन्हा नाही म्हणालो. तिसऱ्यांदा मागितलं तेव्हा तिच्यासमोरच एक ड्रम होता, आणि मी सब्बल उचलून तो फोडला. वाटलं, संपलं आता, उद्यापासून ही बोलणार नाही. पण ती तशी नव्हती. "लय जिद्दी हायेस बापा," म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवर नेहमीसारखीच बोलली. वर लग्नाचं आवतणही दिलं. "पंगती उठल्या का येजो. तुह्यं पान येगळं काढून ठेवतो." वेगळं! मला लागलं ते. पण बोलावणारं दुसरं होतं कोण?

हंगाम संपला तेव्हा मी टपाल द्यायला दोन दिवस तालुक्याला गेलो होतो. त्याच दोन दिवसांत हमालांनी सामान ट्रकवर चढवलं. ड्रम मी सगळे फोडून गेलो होतो. एकच भरलेला राहिला होता, शेवटच्या दिवसाच्या फवारणीसाठी. तो रिकामा झाल्यावर कुठं गेला, हे मी परत येऊन कुणाला विचारावं असं माझ्या डोक्यातच आलं नाही. ती चूक माझी. ती मी कुणावर ढकलत नाही.

लग्नाच्या दिवशी वाजंत्री ऐकू आली, आणि मला काही खोलीत बसवेना. पंगती उठायच्या आधीच निघालो. म्हटलं, लांबून तरी पाहू. मांडव अंगणातच होता. पहिली पंगत बसत होती. पत्रावळी मांडल्या होत्या, वाढपी तांबे घेऊन उभे होते. आणि मांडवाच्या खांबाशी, सावलीत, निळा ड्रम. त्यावरचं कवटीचं चित्र राखेनं घासून घासून फिकट केलेलं, आणि त्याच्यावरच कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं. ड्रम काठोकाठ भरला होता.

मायचा भाऊ मांडवात मिरवत होता. हमालांकडून ड्रम आणला होता तो त्यानंच. मी त्याच्याजवळ गेलो, थोडं अंतर ठेवूनच, आणि हळू म्हणालो, "मामा, यातलं पाणी पाजू नका. जहराचा ड्रम आहे हा."

"मालूम हाये मले. आठ दिवस चिच अन् राख लावून घासला. वास पाह्य, येते का वास?"

"वास नाही आला तरी असतं ते. माणसं मरतील, मामा!"

आसपासचे लोक वळून पाहू लागले. कुणीतरी म्हणालं, "अबे भोकपाड्या, लग्नात तं चूप बस!" आणि मांडव हसला. नवरदेवाकडचा एक म्हातारा तर डोळे पुसेपर्यंत हसला. मी पुन्हा ओरडून सांगितलं. पुन्हा हसले. मी मायला शोधलं, पण ती घरात पोरीजवळ होती, आणि मला घरात जाता येत नव्हतं. वाढप्यानं पहिला तांबा बुडवला, भरला, आणि पंगतीकडे वळला.

त्या वेळी माझ्या मनात काय आलं, ते सांगायला आजही जड जातं. हे लोक जहराला भीत नाहीत. पण एका गोष्टीला भितात.

मी पुढं झालो, बाह्या सारल्या, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत त्या ड्रममध्ये घातले.

हसणं तिथंच थांबलं. मग एक बाई किंचाळली, "बाटवलं! पानी बाटवलं रे यानं!" वाढप्यानं हातातला तांबा असा फेकला, जसा काही विंचूच चढला. चार माणसांनी लाकडानं ढकलून ड्रम आडवा केला, हात न लावता. सगळं पाणी अंगणाबाहेर वाहून गेलं. एक थेंबही कुणाच्या पोटात गेला नाही. सांगून-सांगून थकलो तेव्हा कुणी ऐकलं नाही, आणि आता मला एक शब्दही बोलावा लागला नाही.

मग मार पडला. पडणारच होता. जोडे, लाकडं, जे हाती लागलं ते. मी पळालो, खोटं कशाला सांगू? खोलीवर येऊन साबणानं हात धुतले, सालटं निघेपर्यंत धुतले, आणि रडलो. माराचं रडू नव्हतं ते. आमच्या आईबापानं धर्म बदलला तो कशासाठी? माझ्या हातानं पाणी बाटत नाही, हे स्वतःला पटावं म्हणून. आणि मीच भर मांडवात, सगळ्यांदेखत, ते खरं करून दाखवलं. स्वतःचीच लाज वाटत होती, आणि राग येत होता, आणि त्यातच बरंही वाटत होतं, की माणसं वाचली.

वाचली का पण? तेही नक्की नाही. आठ दिवस घासलेला ड्रम होता. असेलही स्वच्छ झाला. सांडलेलं पाणी कोंबड्या प्यायल्या का, मेल्या का, हे पाहायला मी तिथं थांबलो नव्हतो. जी गोष्ट घडलीच नाही, तिचा पुरावा कुठून आणायचा? साहेबांना मी पत्रानं सगळं कळवलं. उत्तर आलं, तीन ओळींचं. 'योग्य केले. पुढील हंगामात दक्षता घ्यावी.'

चौथ्या दिवशी माय पट्टीवर आली. विहीर सोडून ती कधी पट्टीवर आली नव्हती. मी खाट पुढं केली, ती बसली नाही.

"पोरगी नांदाले गेली," ती म्हणाली.

"बरं झालं, माय."

"व्याही म्हनते, तो मानूस तुमच्या इहिरीवर पुन्हा दिसला तं पोरगी वापस आनून सोडू. आता येऊ नको, बाबू."

मी बरं म्हणालो. तरी ती जाईना. पदर तोंडाला लावून उभी राहिली, मग म्हणाली, "तू काऊन केलं, थे मले समजलं. त्याच दिवशी समजलं. तू तीनदा सांगतलं होतं. मीच आयकलं नाई."

मला केवढा तरी धीर आला. मी म्हणालो, "मग गावाले सांगा ना, माय. एवढंच सांगा. मी बाटवाले नव्हतो आलो."

तिनं बराच वेळ विचार केला. तिच्याकडे पाहून कळत होतं, की ती खरंच विचार करते आहे, मला टाळत नाही.

"मी सांगतलं," ती म्हणाली, "तं लोकं म्हनतीन, मायनंच मांडवात जहर ठेवलं. पोरीले थे सासरी जलमभर आयकावं लागीन. तुले लोकं तसंबी बोलतेच. नाई सांगनार मी."

आणि ती गेली, पऱ्हाटीच्या काड्यांमधून, कंबर धरून, हळूहळू. मी हाक मारली नाही. मला तिचं म्हणणं पटलं होतं. तेच वाईट झालं. पटलं नसतं तर मी तिच्याशी भांडलो असतो, आणि भांडण मिटवायला ती पुन्हा कधीतरी आली असती.