पिंपाला लावलेला कान

पिंपाला कान लावून तो डोळे मिटायचा. आम्ही ग्लास धरून ताटकळत. मग म्हणायचा, "अजून बोलता हा. वाईच थांब." आतलं चुरचुरणं थांबायच्या आधी बूच मारलं तर बाटली फुटते, हे त्याला बापानं शिकवलेलं. असा कान तुम्ही पाहिला नसेल.

धाहरानजवळ आमचा कॅम्प. हा मेसचा आचारी, वेंगुर्ल्याकडचा, माडी काढणाऱ्याचा पोर. सौदीत दारूला चाबूक आणि जेल, हे माझ्यासारख्या चौथी नापासाला कळत होतं, मग त्याला कळत नव्हतं होय? तरी त्यानं मेसच्या मागं एका कॅनमध्ये जवाची बियर लावली. वर्षात कॅनचं पिंप झालं. पिंप स्टीलचं, माझ्या हातचं; मी कॅम्पात वेल्डर. माझ्या सांध्यातून थेंब गळला नाही, आजही सांगतो. मग शुक्रवारी तीन खोल्यांना पडदे लागले. सात नंबरात आपली माणसं, नवात मल्याळी, अकरात फिलिपिनो. पहिला ग्लास मात्र तो बाहेर वाळूत ओतायचा, गावाकडं जागेच्या देवाला ओततात तसा. "हयचो राखणदार कोण, म्हायत नाय. पण असतलोच."

त्या शुक्रवारी तिन्ही खोल्या भरलेल्या. आठ दिवसांनी तो सुट्टीवर गावी जायचा होता. मुलगी दीड वर्षाची झालेली, अजून पाहिलेली नव्हती. पिंप बोलत होतं. तो थांब म्हणाला.

"भर बाटल्या," मी म्हणालो. "तुझा कान म्हातारा झाला."

चारचौघांत बोललो. त्यानं माझ्याकडं पाहिलं, बुचं मारली आणि बाटल्या खाटेखाली सरकवल्या. राखणदाराचा ग्लासही राहिला.

दुपारी कॅम्प बॉस दोन पोलिसांना घेऊन इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, तपासायला आला. सातमध्ये आम्ही ओळीनं उभे. सगळ्यांचे इकामे बघून झाले. पोलीस "खलास" म्हणून वळला, आणि खाटेखाली एक बाटली फुटली. मग दुसरी.

पिंप सापडलं. बॉसनं सांध्यावरून बोट फिरवलं. "ये वेल्डिंग किसका है?"

तसा सांधा कॅम्पात माझ्या एकट्याचाच. बॉसलाही ठाऊक. मी माझ्या बुटांकडं बघत राहिलो.

"मेरा है. सब मेरा है," तो म्हणाला. जन्मात त्यानं वेल्डिंगचा होल्डर हातात धरला नव्हता.

बेड्या घालून नेताना माझ्याजवळ हळूच म्हणाला, "बोलत होता, रे."

तो गावी कधी पोचला, पोचला की नाही, मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारायचं धाडस केलं नाही.

पिंप पोलिसांनी बाहेर वाळूत उपडं केलं. जीप गेली, माणसं पांगली. वाळूवर फेस चुरचुरत होता. मी तिथंच उभा राहिलो, तो थांबेपर्यंत.