तीन ओळींच्या पुढे

गल्लीत सगळे सलूनवाल्याला 'रेडिओ' म्हणत. कात्री थांबे, पण तोंडाचा पट्टा थांबत नसे. घरीही तीच गत. बायको जेवता जेवता हात जोडायची, "आता पुरे!"

मग घशाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बोलायला बंदी घातली. रेडिओ बंद पडला म्हणून गिऱ्हाईकं हळहळली. दाढीला येणाऱ्या मास्तरांनी त्याला हायकूचा नाद लावला. छोट्या तीन ओळी, दिसलं तेवढंच लिहायचं, समजावत बसायचं नाही. साधी गोष्ट सांगायला ज्याला अर्धा तास लागे, तो गडी आता पावडरच्या डब्यावर बसलेली माशी आरशावर साबणाने तीन ओळींत पकडू लागला. लोक दाढी करायची नसली तरी वाचायला डोकावायचे. स्वारी भलतीच खूश!

घसा बरा झाला. "आता बोला," डॉक्टर म्हणाले. पण हा बोलेना. आवाज फाटका निघाला तर? लोक हसतील, बायको कीव करेल. त्यापेक्षा हायकू बरा.

एका संध्याकाळी त्याने स्वयंपाकघरात बायकोपुढे पाटी धरली.

दाढी काढली
आरशात दिसले
त्याचे वडील

भाजी परतणारा तिचा हात थांबला. "अहो, अंगावर काटा आला." ती पाटीकडे बघतच राहिली. "पण कोण होता हा? वडील आहेत का त्याचे? रडला का?"

त्याने पाटी पुसून खडू उचलला. बापलेकांचं भांडण, अबोला, रागाने वाढवलेली दाढी हे सगळं तीन ओळींत कोंबायला गेला आणि हायकूचा पार चुराडा झाला. त्याने पुन्हा पुसलं.

"घर खायला उठतं हो हल्ली," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरले.

त्याने खडू ठेवला. खाकरला. "अगं, तो ना..."

आवाज घोगरा, फाटकाच निघाला. ती हसली नाही, कीवही केली नाही. गॅस बंद करून समोर येऊन बसली.

मग काय, रेडिओ लागला! मुलगा उद्या वडिलांना भेटायला निघालाय, आरशात बघून आधी दचकला, मग शेजारच्या खुर्चीतल्या मास्तरांच्या गळ्यातला टॉवेल ओढून त्यालाच डोळे पुसले, त्यावर मास्तर काय म्हणाले... भाजी गार झाली. दम घ्यायला तो थांबला आणि सवयीने 'आता पुरे'ची वाट बघू लागला.

"मग?" ती म्हणाली.