शंकररावांचा कान

डॉक्टरीणबाई आपली खुर्ची उचलून शंकररावांच्या उजव्या बाजूला येऊन बसल्या आणि मला एकदम बरं वाटलं. शंकरराव आमचे शेजारी, निवृत्त सुभेदार. ऐन लढाईत जवळच तोफगोळा फुटला आणि त्यांचा डावा कान कायमचा गेला. बरोबरच्यांचे हातपाय गेलेले. त्यांच्यापुढे कानाचं काय सांगायचं, म्हणून ते गप्प राहिले. ही जखम युद्धातली म्हणून मान्य व्हावी, असा ध्यास त्यांनी घेतला तो आता उतारवयात. त्यासाठीच मी त्यांना लष्करी इस्पितळात तपासणीला घेऊन आलो होतो.

"काका, ही इजा लढाईतलीच आहे. मी तसंच लिहून देणार," बाई म्हणाल्या.

शंकररावांचे डोळे भरून आले. त्या कानाने आता ऐकू येणार नव्हतंच. पण दुखणं बरं होवो न होवो, ते कुणीतरी खरं मानावं एवढं माणसाला हवं असतं, असं मला वाटून गेलं.

परतीच्या एसटीत कंडक्टरने कुठं जायचं ते विचारलं. एरवी ऐकू आलं नाही की वयावर ढकलून मोकळे होणारे शंकरराव हसले आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाले, "जरा मोठ्यानं बोला, राव. लढाईत कान गेलाय माझा!"