पंपावरचं लाल कुलूप

फोन मिलिंदचा होता. दुपारी एका ब्लाऊजला हुक लावत बसले होते. "संध्याताई, वैशाली गेली," तो म्हणाला आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "शॉक लागला का?" तिच्या नवऱ्याला असं विचारायचं नसतं, हे कळत होतं. पण वैशालीच्या मरणाचा विचार मी कधी केलाच असेल, तर तो तसाच केला होता. ती स्वतःच तसा करायची. "नाही हो," मिलिंद म्हणाला, "कंपनीत जेवायला बसली होती. डोकं दुखतंय म्हणाली आणि... डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव." विजेचा काही संबंध नव्हता. जन्मभर जिला घाबरली तिने वैशालीला हातसुद्धा लावला नाही.

वैशाली आमच्या मुलुंडच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायची, मी पहिल्यावर. अंधेरीला पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात ती सुरक्षा अधिकारी होती. आमची ओळख झाली ती माझ्या इस्त्रीमुळे. मी घरी शिवणकाम करते. ती ब्लाऊजचं माप द्यायला आली आणि टेप अंगाला लावायच्या आधीच तिची नजर इस्त्रीच्या वायरकडे गेली. वायर मधे तुटली होती, मी चिकटपट्टी गुंडाळून चालवत होते. "ए बाई, मरायचंय का तुला?" ओळख ना पाळख, सरळ 'तू'! तिने प्लग काढला, माझीच मोठी कात्री उचलली आणि वायर कापून टाकली. "आता नवीन घालून घे," म्हणाली, "आणि हो, बाह्या कोपरापर्यंत ठेव." संध्याकाळी स्वतःच नवी वायर घेऊन आली आणि इस्त्रीला घालून दिली. पुढची कितीतरी वर्षं ती आमच्याकडे आली की आधी बोर्डाकडे बघायची आणि मग माझ्याकडे.

लोक तिची टर उडवायचे, मीही उडवायची. गणपतीत गावडेकाकांनी मखराला रोषणाई केली की ही बाई प्रसादाआधी वायरी बघणार. एका सॉकेटला तीन पिना दिसल्या की झालंच. बाथरूममध्ये बादलीत हीटर सोडणाऱ्या बायकांना तर ती जिन्यात गाठायची. "प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालायचं नाही, समजलं? गरम झालं का ते वाफ सांगते. बोट कशाला पाहिजे?" सेक्रेटरी गावडेकाका मालवणचे, बोलायला मोकळे. ते म्हणायचे, "ह्या बायेक इजेचा भूत लागलाहा." ती हसायची. म्हणायची, "हो काका, लागलंय. बघितलंय मी ते."

काय बघितलं होतं, ते तिने मला एकदाच सांगितलं. पहिल्या नोकरीतली गोष्ट. मशीन बंद करून एक फिटर आत उतरला होता. खालच्या खोलीतल्या कुणीतरी, मशीन बंद का म्हणून, खटका वर केला. वाईट मनाने नाही, कामाच्या घाईत. वैशाली मशीनपाशी उभी होती. "संध्या, तो ओरडला पण नाही गं," ती म्हणाली. "माणूस ओरडेल, हात झटकेल, असं आपल्याला वाटतं. तसलं काही होत नाही. हात चिकटून राहतो." मग तिने पाणी मागितलं आणि विषय बदलला. मला मात्र त्यानंतर बरेच दिवस मिक्सरचं बटण दाबताना घाम फुटायचा.

म्हणून ते कुलूप. नव्या कारखान्यात तिने पद्धत पाडली होती, की मशीनवर काम करायचं असेल तर वीज बंद करून खटक्याला आपलं स्वतःचं कुलूप घालायचं. प्रत्येकाचं वेगळं, त्यावर नाव, किल्ली ज्याच्या त्याच्या खिशात. ज्याने घातलं त्यानेच काढायचं. साहेबाने सांगितलं तरी दुसऱ्याने हात लावायचा नाही. तिचं कुलूप लाल होतं आणि तिच्या पर्समध्ये पावडरच्या डबीशेजारी असायचं. लिपस्टिक विसरेल, पण कुलूप नाही!

ती गेली त्या दिवशी सकाळी कामावर निघताना वॉचमनने तिला अडवलं. पंपाच्या खोलीच्या लोखंडी दाराला हात लावला की मुंग्या येतात म्हणाला. ही खोली इमारतीच्या मागे आहे. जमिनीतली टाकी तिथेच, आणि पंप चालवून तिथलं पाणी गच्चीवर चढवायचं. पंपाचा खटका मात्र पुढे, जिन्याखाली. एका ठिकाणाहून दुसरं दिसत नाही. वैशालीने दाराला टेस्टर लावला, दिवा लागला. मी दूध घेऊन येत होते. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "कोरड्या चपला होत्या म्हणून वाचला हा," ती म्हणाली. "ओल्या पायांनी कुणी धरलं असतं तर..." तिने जिन्याखालचा खटका बंद केला, आपलं लाल कुलूप घातलं, वर पाटी टांगली आणि सगळ्या घरांत कळवलं. संध्याकाळी वायरमनला घेऊन येते म्हणाली. गेटमधून वळून ओरडली, "हात लावायचा नाही हं कुणी!"

संध्याकाळी ती आलीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला हॉस्पिटलमधून घरी आणायचं ठरलं. गच्चीवरची टाकी रात्रीच संपली होती. नळ कोरडे, खाली तिच्या माहेरची, कारखान्याची माणसं जमलेली. आणि तिला आंघोळ घालायची होती. गावडेकाका अस्वस्थ होऊन जिन्याखाली आले, हातात हातोडा. डोळे रडून लाल झालेले. "पोरीक शेवटची आंघोळ घालूक पानी नाय? कुलूप फोडतंय मी. पाच मिनटां पंप लावूया, काय व्हयत नाय." सगळ्यांना ते पटलंच होतं. मलाही जवळजवळ पटलं होतं. तिच्यासाठीच तर पाणी हवं होतं.

पण त्यांनी हातोडा उचलला. मला वैशालीचा तो फिटर आठवला. मी खटक्यासमोर जाऊन उभी राहिले. "काका, आधी मागे खोलीत कोण आहे ते बघा," मी म्हटलं. "कोण असतला तकडे?" ते चिडले. "बाजूक हो गे." मी हलले नाही. "बघून या काका. तुमच्या पाया पडते."

ते तणतणत मागे गेले, मीही पाठोपाठ गेले. पंपाच्या खोलीत गावडेकाकू होत्या. टाकीचं झाकण उघडून कळशीने बादली भरत होत्या. वैशालीच्या आंघोळीसाठी, कुणालाही न सांगता. अनवाणी, पातळ गुडघ्यापर्यंत भिजलेलं, जमिनीवर पाणीच पाणी. आम्हाला बघून त्या उठायला लागल्या आणि तोल सावरायला त्यांनी ओल्या हाताने दार धरलं. घट्ट, पाचही बोटांनी. खटक्याला कुलूप होतं म्हणून काहीच झालं नाही.

काका तिथेच खाली बसले. त्यांच्या हातातला हातोडा मी काढून घेतला. काकूंना काही समजेना. "काय झाला? बादली घेवा मा," त्या म्हणत होत्या. वैशालीला आम्ही त्याच पाण्याने आंघोळ घातली, बादल्या हातोहात वर नेऊन. मी तिच्या पायांवर पाणी ओतत होते आणि डोळ्यांपुढे सारखी काकूंची ती बोटं येत होती. आजही येतात. भाजी चिरताना येतात, गिऱ्हाइकाशी बोलताना येतात.

सगळं उरकल्यावर वायरमन आला. कुलूप तसंच ठेवून त्याने काम केलं. दाराच्या बिजागरीत घासून पंपाची वायर सोलली गेली होती आणि अर्थिंगची तार गंजून केव्हाच तुटली होती. दोन्ही नवीन घातल्या, शॉक लागण्याआधी वीज तोडणारं यंत्रही बसवलं. मग मिलिंद तिच्या पर्समधली किल्ली घेऊन खाली आला. त्याने ती माझ्यापुढे धरली. "तुम्ही काढा ताई. माझ्याने होणार नाही."

"पण तिचं आहे ना," मी म्हटलं. "दुसऱ्याने काढायचं नाही ना?"

"एक नियम आहे त्याला," तो म्हणाला. "कुलूपवाला सापडत नसेल तर कामाच्या जागी जाऊन त्याचं नाव घेऊन हाक मारायची. ओ आली नाही, तो तिथे नाही याची खात्री झाली, की मगच काढायचं. घरी सुद्धा हेच करायला लावायची."

मी मागे गेले. खोली कोरडी होती, दार उघडं होतं. आत कुणी नाही हे मला दिसत होतं. तरी मला भीती वाटत होती, आणि या वेळी ती विजेची नव्हती. तिला अग्नी देताना पाहिलं, तरी तोवर आत कुठेतरी ती मेली असं मी धरलंच नव्हतं. हाक मारली की ते ठरणार होतं.

"वैशाली," मी हळूच म्हटलं. मग मोठ्याने हाक मारली, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशी. "वैशाली गं... आहेस का?"

वर कुणाची तरी खिडकी उघडली. मी बराच वेळ थांबले. मग जिन्याखाली आले आणि कुलूप काढलं.