‘ह’ची मोकळी जागा

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर वाचता वाचता प्रत्येकाचं मनातल्या मनात खंडन करते. हा अर्धवट झोपेत होता, हिला ताप होता, यानं दुसऱ्याचं ऐकून दिलंय ठोकून... स्वभावच तसा माझा. फलटणला एका ज्युनिअर कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवते. मशीन तुम्ही सांगाल तेवढंच करतं, स्वतःच्या मनानं काही करत नाही, हे पोरांच्या डोक्यात भरवणं हा माझा रोजचा धंदा. त्यामुळे हे सगळं मी लिहायला बसले याचं जास्त आश्चर्य मलाच वाटतंय. कमेंटमध्ये तर्क लढवायचे तर खुशाल लढवा. मी सगळे लढवून बसले आहे.

आधी आण्णांबद्दल सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आण्णा म्हणजे माझे वडील. माहेर उंब्रजचं. आण्णा फौजेत क्लार्क होते, हवालदार म्हणून रिटायर झाले. उसाकडे चुलते बघायचे आणि आण्णा दिवसभर कॉम्प्युटरवर. घरातला, लेकींच्या सासरचासुद्धा, प्रत्येक कागद स्कॅन करून ठेवायचे – रेशन कार्ड, आधार, आमच्या दोघी बहिणींच्या लग्नाची सर्टिफिकेटं, सगळं. आणि पाळणे लिहायचे. गावात कुणाकडे बारसं असलं की बायका आमच्या दारात हजर.

पाळणा कसा असतो ते तुम्हाला ठाऊक आहेच. पहिल्या दिवशी अमुक, दुसऱ्या दिवशी तमुक, असं करत करत बाराव्या दिवसाच्या कडव्यात बाळाचं नाव. आण्णांचे याबाबत दोन नियम होते. मूल जन्माला आल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही. आणि नाव यायचं ते बाराव्या कडव्यातच, आधी नाही. एकदा शेजारचा एकजण म्हणाला, लय लांबतंय आण्णा, सातव्यातच नाव घालून टाका. आण्णा तापले. “परेड चालू असताना मधीच सॅल्यूट ठोकतोस काय रं?” तो बिचारा पाळणा न घेताच निघाला होता, आईनं परत बोलावला. फाईलला मात्र आण्णा बाळाच्या आईचं नाव द्यायचे, कारण लिहायला घेताना बाळाला नाव नसायचंच.

एका उन्हाळ्यात त्यांच्या कीबोर्डवर चहा सांडला आणि नेमकं ‘ह’चं बटण गेलं. मी म्हटलं, नवीन आणते. तर म्हणाले, “कशाला? आमी, तुमी, कवा, तवा... आपल्या बोलण्यात ह लागतोय कुठं?” एका बटणासाठी अख्खा कीबोर्ड टाकणं त्यांच्या फौजी मनाला पटेना. मग जिथे ‘ह’ यायचा तिथे ते जागा मोकळी सोडायचे आणि प्रिंट काढली की निळ्या पेनानं हातानं भरायचे. माझी धाकटी बहीण अश्विनी – अशू – माहेरी आली की ते काम तिचं. बापलेक पुढच्या सोप्यात बसून ‘ह’ भरत बसायचे. मला हसूही यायचं आणि रागही.

आता सीडीचं. हा चहा सांडायच्या *आधीच्या* दिवाळीत मी त्यांच्या सगळ्या फाईलींची बॅकअप सीडी करून दिली होती. एकदाच लिहिता येते त्या प्रकारची. वर ती फायनलाइजही केली, म्हणजे कायमची बंद. त्यानंतर तिच्यात एक अक्षर घालता येत नाही. ‘घरचे कागद’ असं आण्णांनीच स्केचपेननं तिच्यावर लिहिलं आणि ती कपाटात ठेवली. चहा सांडला त्याच्या पुढच्या वर्षी पावसाळ्यात आण्णा हार्ट अटॅकनं गेले.

अशूचं सासर सांगलीजवळ. नवरा संतोष फौजेतच, पोस्टिंग लांब सीमेवर. तिची आधीची दोन बाळं दिवस भरायच्या आत आली आणि तासाभरात गेली. दोघांनाही नाव मिळालं नाही. आण्णा गेले त्याच्या वर्षभरानंतर तिला पुन्हा दिवस गेले, आणि ही मुलगीसुद्धा वेळेच्या फार आधी आली. पण ही रडली. सांगलीच्या दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं. इतकीशी होती... तळहातावर मावली असती.

डॉक्टरांना मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, काहीच सांगता येत नाही. पण आईनं आत यावं, बाळाला छातीशी धरावं, त्याचा उपयोग होतो. आणि अशू आत जायला तयार नव्हती. दूध वाटीत काढून द्यायची, नर्सकडे वाटी सोपवायची, काचेतून एकदा बघायची आणि दाराबाहेरच्या बाकावर येऊन भिंतीकडे तोंड करून बसायची. पेटीवरच्या पट्टीवर नुसतं ‘अश्विनीचे बाळ’ लिहिलेलं. मी तिला समजावलं, मग रागावले, माझं रागावणं जरा मोठ्यानंच असतं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

“ताई, नाव ठेवलं की ते आपलं हुतं गं,” ती म्हणाली. “ती दोघं बिननावाची गेली म्हणून मी अजून उभी हाय. बारा दिवस जाऊंदेत. मग घीन मी तिला.”

 पण त्या पेटीतल्या जिवाला कुणी हाक मारत नाही, कुणी हात लावत नाही, हे मला सहन होत नव्हतं. नर्सेस होत्या, त्या करायच्याच. पण आई ती आई.

चौथ्या दिवशी दवाखान्यातून सांगितलं की सरकारी योजनेसाठी रेशन कार्ड आणि लग्नाचं सर्टिफिकेट लागेल. मूळ कागद सासरी सापडेनात. मला आण्णांचे स्कॅन आठवले. अशूजवळ तिच्या सासूबाई होत्या, म्हणून आई आणि मी दुपारपर्यंत उंब्रजला आलो. आण्णांचा कॉम्प्युटर मधल्या काळात वीज कडाडली तेव्हा जळाला होता. कराडच्या दुकानातून नवी हार्ड डिस्क टाकून आणलेला, तो तसाच चादर घालून ठेवलेला. मशीन चालू झालं, पण आतमध्ये अर्थातच काही नाही. मी कपाटातली सीडी काढली आणि सगळं त्यावर परत घेतलं. रेशन कार्ड सापडलं, सर्टिफिकेट सापडलं. आई चहा ठेवत होती. मी सहज म्हणून ‘पाळणे’चं फोल्डर उघडलं. त्यांचं काहीतरी वाचावंसं वाटलं, एवढंच.

त्यात ‘अश्विनी’ नावाची फाईल होती.

गावात अश्विनी काय कमी आहेत का, असंच मला आधी वाटलं. फाईलची तारीख बाकीच्यांसारखीच, त्या दिवाळीची. उघडली. खाली जशी होती तशी लिहिते. जिथे मी रेघ मारली आहे तिथे फाईलमध्ये नुसती मोकळी जागा आहे.

*प_ल्या दिवशी घाईनं आली,*
*वेळेच्या आधी पायरी चढली, जो जो रे बाळा जो जो*

*दुसऱ्या दिवशी काचेचं घर,*
*ऊब देई दिवा डोक्यावर, जो जो रे बाळा जो जो*

तिसऱ्यात बाप सीमेवर आहे आणि रजेची वाट बघतोय असं होतं. आण्णांच्या पाळण्यात चांदोबा असतो, आत्याचं झबलं असतं, मोगरा असतो. असलं कधी नसतं. मग पुढचं –

*चौथ्या दिवशी माय दाराशी,*
*काचेतून बघे, घेईना उराशी, जो जो रे बाळा जो जो*

*पाचव्या दिवशी थांबू नका बाई,*
*मांडीवर घेऊन _क मारी आई,*
*नाव ठेविले _र्षा, जो जो रे बाळा जो जो*

बस्स. याच्या पुढे काही नाही. मी खालपर्यंत गेले, वर आले, पुन्हा खाली गेले. सहावं कडवं नव्हतं, बारावं तर नव्हतंच. नाव पाचव्यात होतं. ज्या माणसानं सातव्यात नाव घालायला सांगणाऱ्याला दारातून घालवला होता, त्यानं नाव पाचव्यात घातलं होतं आणि पुढे लिहायचं थांबवलं होतं.

मला भीती वाटली.  बॅकअप घेतला तेव्हा ‘ह’चं बटण चालू होतं. अशूला या खेपेचे दिवस जायच्या आधी आण्णा गेले होते. आणि सीडी मी माझ्या हातानं बंद केली होती. मी नोटपॅड उघडून ते बटण दाबून पाहिलं. ‘ह’ उमटला नाही.

आई चहा घेऊन आली. मी तिला वाचून दाखवलं, ‘ह’ माझ्या मनानं घालून. ती पदर तोंडाला लावून ऐकत राहिली. तिला आश्चर्य वाटलंय असं मला दिसलं नाही. वाटलं असेल तर ते दुःखाच्या खाली गेलं होतं.

“ह्यांचंच हाय,” ती म्हणाली. “उद्या पाचवी. कागद काढून घे आन सकाळच्या गाडीनं चल.”

पुढची कडवी का नाहीत, हे तिनंही विचारलं नाही आणि मीही नाही.

सकाळी कराडला गाडी बदलून आम्ही सांगलीला पोचलो. अख्ख्या वाटेत मी ठरवत होते की अशूला काय सांगायचं. सीडी, तारीख, फायनलाइज... तिथे पोचल्यावर यातलं काहीच सांगितलं नाही. नुसता पाळण्याचा कागद तिच्या हातात दिला.

तिनं आधी तो वाचला नाही. तिची नजर मोकळ्या जागांवर गेली. आण्णांचा असा कागद हातात आला की काय करायचं, हे तिच्या हाताला सवयीचं होतं. तिनं नर्सकडे पेन मागितलं. बाकावर बसून मांडीवर कागद ठेवला आणि ‘पहिल्या’मधला ‘हि’ भरला. मग वाचत वाचत खाली आली. चौथ्या कडव्यापाशी खूप वेळ थांबली. पाचव्यात ‘हाक’ पुरी केली. शेवटच्या जागेवर पेन टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. मी जवळ बसले होते, पण मदत केली नाही. ते अक्षर तिनंच लिहायचं होतं. पानावर पाणी पडलं, तरी तिनं ते नीट लिहिलं. हर्षा.

मग ती उठली आणि नर्सला म्हणाली, “चप्पल कुठं काढू?”

काचेतून आम्ही बघत होतो. नर्सनं नळ्या सांभाळत बाळ तिच्या छातीवर ठेवलं. अशू वाकून तिच्या कानाशी काहीतरी म्हणत होती, पुन्हा पुन्हा. ऐकू येत नव्हतं, पण ओठांवरून कळत होतं. संतोषचा फोन लागला. नर्स चांगली होती, तिनं फोन आत नेऊन कानाशी धरला, आणि त्यानंही तिकडून मुलीला नावानं हाक मारली. पेटीवरची पट्टी नर्सनं आपणहून बदलली. दिवसभर अशू बाहेर आली नाही. संध्याकाळी आली ती थकलेली होती, पण गेले चार दिवस तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते नव्हतं. म्हणाली, डोळे उघडती गं ती हाक मारली की.

हर्षा दुसऱ्या दिवशी गेली. अशूच्या मांडीवर गेली.

त्यानंतर मी माझ्या बाजूनं सगळं करून पाहिलं. सीडी पुन्हा उघडून बघितली, फाईल तिच्यातही होतीच. मग ती कराडच्या दुकानदाराला दाखवली. तो म्हणाला, मॅडम, ही बंद आहे, हिच्यात कुणी काही घालू शकत नाही, तुम्हालाच ठाऊक. दुसरी सीडी असेल म्हणून कपाट उपसलं, नव्हती. गावातल्या एकूण एक अश्विनींची चौकशी केली, कुणासाठी असा पाळणा लिहिलेला नव्हता. फाईल अजून आहे, तारीख तीच आहे. वर्गात मी अजूनही शिकवते की बंद केलेल्या डिस्कवर नंतर काही लिहिता येत नाही. शिकवताना आवाज बदलू देत नाही, पण मला त्याचं उत्तर मिळालेलं नाही. मिळेल असं वाटतही नाही.

अशूला मी सीडीचं पुढे सांगितलं. ती म्हणाली, बरं. तिला त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही.

मागच्या महिन्यात एका लग्नात कुणीतरी नवखी बाई तिच्याशी बोलता बोलता म्हणाली, मूलबाळ काय? मी पुढे होऊन विषय बदलणार होते. आधीच्या दोघांनंतर असं कुणी विचारलं की अशू ‘न्हाई’ म्हणायची आणि तिथून उठून जायची.

“मुलगी झालेली,” अशू म्हणाली. “हर्षा नाव तिचं.” आणि ती बसून राहिली.