निळा बंपर

गाडी माझी, चालवणारी मी, पण कागदपत्रांवर मोबाइल नंबर आमच्या ह्यांचा. त्यामुळे माझं चलन फाटलं की माझ्याआधी ह्यांना कळतं. हे कोळगावला सरकारी कचेरीत फाइल उघडून बसलेले असतात, तेवढ्यात मेसेज येतो. संध्याकाळी मी चिंचणीला घरी पोचेपर्यंत ह्यांचं भाषण पाठ झालेलं असतं.

चलनं म्हणाल तर हायवेला स्पीडचं एक झालं. बोईसर स्टेशनबाहेर भाजी घ्यायला गाडी उभी केली, त्याचं दुसरं. तिसरं सीट बेल्टचं, आणि ते आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. अहो, पट्टा मी लावला होता. फक्त ओढणी त्याच्यावरून घेतली होती, आणि त्या मेल्या कॅमेऱ्याला ओढणी तेवढी दिसली. शिवाय रिव्हर्स घेताना आमच्याच फाटकाच्या खांबाला गाडी ठोकून एक क्लेम मी आधीच घेतला होता. खांब जागचा हललेला नव्हता, हे ह्यांनी मला आठवडाभर ऐकवलं.

इन्शुरन्स रिन्यू करायची वेळ आली तेव्हा एजंट म्हणाला, ताई, क्लेम घेतलात म्हणून बोनस गेला, हप्ता वाढला. झालं. ह्यांनी जेवणाच्या पाटावर निकाल दिला. यापुढे गाडीला काही झालं आणि कंपनीने क्लेम नाकारला, तर गाडी विकायची. मी ताट बाजूला सारलं. पंचेचाळिशी उलटल्यावर मी गाडी शिकले होते. त्याआधी कुंभवलीच्या कारखान्यात जायला रोज शेअर रिक्षात अर्धं अंग बाहेर ठेवून बसायचे. कुणाला कोपर लागलं, कुणाची पिशवी मांडीवर, तोंडातून ब्र काढायची सोय नाही. गाडीत मी गाणी म्हणते, मोठ्याने, बेसूर. ती गाडी गेली तर माझ्यातलंच काहीतरी गेलं असतं. पण हे शब्दाचे पक्के, हीच तर पंचाईत.

जुलैत व्हायचं ते झालं. कुंभवलीच्या वळणावर पुढचा टँकर थांबला, मी ब्रेक मारला, आणि मागून एक पिकअप धाडकन येऊन बसली. बंपर फुटून लोंबायला लागला, डिकीला खड्डा. पिकअपवाला उतरून मलाच विचारतो, ब्रेक क्यों मारा? म्हटलं, मग काय टँकरला मिठी मारायची होती का? मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. मी वळून एकाला गप्प करेस्तोवर हा पसार, आणि नंबर बघायचा राहिला.

एजंटला फोन लावला. तो म्हणाला, गाडीला कुणाला हात लावू देऊ नका, इन्शुरन्सचा सर्व्हेअर परवा नुकसान बघायला येईल, तोवर फोटो पाठवा. मी तिथेच उभी राहून भराभर दहा-बारा पाठवले. लगेच त्याचा फोन. "ताई, तुम्ही सुखरूप दिसताय, पण गाडी कुठे आहे?" कॅमेरा उलटा राहिला होता. प्रत्येक फोटोत माझंच तोंड, आणि तेही रागाने फुगलेलं. मागच्या हॉर्नांपुढे तिथे परत फोटो काढायची सोय नव्हती. घरी आले तर पाऊस कोसळत होता. गाडीवर ताडपत्री टाकली, उद्या संध्याकाळी नीट फोटो काढू म्हटलं, आणि सकाळी पुन्हा शेअर रिक्षाने कामावर गेले.

आता आमच्या आळीची एक रीत सांगायला हवी. कुणाकडे काही मोडलेलं दिसलं, की ज्याला ते येतं त्याने दुरुस्त करून टाकायचं. विचारायचं नाही. विचारलं की माणूस संकोचाने राहू द्या म्हणतो, म्हणून विचारायचंच नाही. आमचा पंप, सासूबाईंचं शिलाई मशीन, सगळं असंच कुणीतरी येऊन नीट केलेलं.

आमच्या शेजारी तांडेल राहतात. जन्मभर होडी चालवली, होडीवर त्यांचा शब्द शेवटचा. पावसाळ्यात मासेमारी बंद, होडी किनाऱ्यावर ओढलेली, तिला फायबरचं काम चाललेलं. त्या दिवशी नेमकी पावसाने उघडीप दिली, वाऱ्याने ताडपत्री उडाली, आणि तांडेलांना माझा बंपर दिसला.

संध्याकाळी मी आले तर बंपर अखंड. गुळगुळीत. आणि निळा. होडीचा उरलेला रंग, गर्द निळा, माझ्या पांढऱ्या गाडीला. डिकीचा खड्डासुद्धा आतून ठोकून वर काढलेला. तांडेल ओट्यावर चहा पीत बसले होते.

"वयनी, आता ट्रक जरी ठोकला ना, तरी नाय हलनार," ते म्हणाले.

ह्या माणसाला शिव्या द्याव्यात की त्याच्या पाया पडावं, मला कळेना. शेवटी मीही चहा घेतला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, दुसरं काय. हे घरी आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि आत जाऊन पॉलिसीचे कागद काढून बसले. त्यांनी नेहमीचं भाषण केलं असतं तर मला जास्त बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सर्व्हेअर आला, रेनकोट घातलेला, सभ्य मुलगा. गाडी पुढून पाहिली, मागून पाहिली, आणि नुकसान कुठे आहे म्हणून विचारलं. ह्यांनी निळ्याकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, हे तर दुरुस्त झालंय, डोळ्यांना दिसत नाही ते मी कसं लिहू? तांडेल सगळं ऐकत होते. त्यांना मनापासून वाईट वाटलं. ते घरातून हातोडा घेऊन आले.

"सायेब, नुस्कानच पायजे ना? मी फोडून देतो परत."

तो मुलगा चार पावलं मागे सरकला. मला हसू फुटत होतं, तरी मी तांडेलांच्या हातातला हातोडा काढून घेतला. त्या मुलाने समजावलं, क्लेम मागे घ्या, नाहीतर मला तो नामंजूर लिहावा लागेल, तुमच्याच फायद्याचं आहे. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी मागे घे म्हणून मान हलवली. क्लेम गेला म्हणजे गाडी गेली.

रविवारी बोईसरहून जुन्या गाड्या घेणारा आला. ह्यांनीच बोलावलेला. मी दारात उभी होते, पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. त्याने बंपरवर टकटक केलं, हे काय आहे विचारलं. तांडेलांनी अभिमानाने सांगितलं, फायबर, होडीचं. मग त्याने मोबाइलवर गाडीचा नंबर टाकला आणि माझी चलनं एकेक करून मोठ्याने वाचली. वाचून झाल्यावर हसत हसत एक किंमत सांगितली.

ती किंमत ऐकून ह्यांचे कान लाल झाले. कचेरीत कधी आवाज न चढवणारा माणूस, त्या दिवशी आळीला ऐकू जाईल असा बोलला. इंजिन बघितलंस का? सर्व्हिसिंग एकदा तरी चुकलंय का? माझी बायको रोज कारखान्यापर्यंत नेते ही गाडी, भरपावसात, आणि तू भंगाराचा भाव करतोस? तो माणूस चहा अर्धा टाकून निघून गेला. मी पदराआड तोंड लपवून आत पळाले.

दुपारी हे कुठे दिसेनात. बाहेर आले तर गाडीच्या पुढे पाटावर बसलेले, खाली वर्तमानपत्र पसरलेलं, शेजारी तांडेलांचा निळा डबा. पुढचा बंपर रंगवत होते. अर्धा झाला होता.

"अहो, हे काय करताय?"

"मागून निळी, पुढून पांढरी," हे मान वर न करता म्हणाले. "लोक तुला हसतात."

मला रडूच कोसळलं. पायरीवर बसून मी चांगली हुंदके देऊन रडले. ह्यांनी तोवर उजवा कोपरा रंगवून घेतला. मग म्हणाले, "झालं असेल तर तांडेलांकडून दुसरा ब्रश आण. डावी बाजू तू घे."